सहावा बोल्ट

पान्याचा जोर एकाएकी हलका झाला आणि आर्वोची मूठ समोरच्या पत्र्यावर जाऊन आदळली. बोल्ट सुटला असता तर आधी कुरकुरला असता. हा कुरकुरला नाही. आर्वोने पाना बाहेर ओढून दिव्याखाली धरला. पान्याच्या तोंडात बोल्टचं डोकं होतं आणि त्याला बोटाच्या पेराएवढा दांडा. उरलेला बोल्ट आत, इंजिनच्या ओतीव लोखंडात राहिला होता.

त्याने तो तुकडा बाकावर, आधी निघालेल्या पाच बोल्टांच्या शेजारी ठेवला. मग मुठीकडे बघितलं. दोन बोटांची सालं निघाली होती. रक्त यायला थोडा वेळ लागला.

साडेसात वाजले होते. बाहेर मिट्ट काळोख होता आणि दहापर्यंत तो तसाच राहणार होता. जानेवारीत आमच्या कोर्पीयार्वी गावात सूर्य आला तरी उभ्याउभ्या येतो आणि कॉफीला न थांबता जातो.

गंजलेला बोल्ट कसा काढायचा हे आर्वोला वयाच्या बाराव्या वर्षापासून माहीत होतं. तापवायचा, तेल पाजायचं, थांबायचं, थोडा पुढे, थोडा मागे. काल संध्याकाळी पाच बोल्ट त्याने तसेच काढले होते. मंगळवारी ओउलू शहरातल्या हॉस्पिटलमधून परत येताना गाडीचा हीटर गार वारा फेकायला लागला, घरी येऊन बघतो तर पाण्याचा पंप गळत होता. सव्वीस वर्षांची डिझेल व्हॅन, तिची काही तक्रार नव्हती. पण उणे तीसमध्ये पाण्याविना निघालेली गाडी दीडशे किलोमीटर जात नाही, म्हणून त्याने नवा पंप आणला होता आणि जुना काढायला घेतला होता. सहावा बोल्ट सकाळी निवांत काढू म्हणून ठेवला होता. आणि सकाळी सातला फोन आला.

फोनवर रात्रपाळीची नर्स होती.

"तुम्ही आज या," ती म्हणाली. "आणि लवकर या. उद्यावर नका टाकू."

"गाडी उघडून ठेवलीय," आर्वो म्हणाला. "पंप बसवतो आणि निघतो."

"किती वेळ लागेल?"

"एक बोल्ट राहिलाय."

ती म्हणाली, "पहाटे त्यांनी विचारलं. आर्वो निघाला का, म्हणाल्या."

"बरं," आर्वो म्हणाला.

हे 'बरं' त्याने मंगळवारीसुद्धा म्हटलं होतं. हिल्का उशीला टेकून बसली होती, हाताला नळी, नळीला पिशवी. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तिने त्याच्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं. एकदा तळ्याकाठी बसायला बाक मागितला, एकदा कपडे धुण्याचं मशीन. मंगळवारी ती म्हणाली, "शेवटी मला एकटी नको ठेवू रे. तेवढ्यापुरता ये. बोलायला नको, नुसता बस." आर्वोने बरं म्हटलं. आमच्याकडे आर्वोने बरं म्हटलं की लोक पुढचं विचारत नाहीत. त्याने चौतीस वर्षं सरकारची बर्फ काढायची गाडी चालवली आणि एक दिवस रस्ता बंद राहिला नाही.

म्हणजे सहाव्या बोल्टला त्याने घाई केली ती उगीच नाही. अति घाई संकटात नेई हे सगळ्यांना पाठ असतं, पण पाठ असणं वेगळं.

त्याने जुना पंप उचकटून काढला. बोल्ट अगदी पृष्ठभागाशी मोडला होता, चिमट्यात धरायला राईएवढंही बाहेर नव्हतं. त्याने बरोबर मधोमध पंच ठेवून एक खूण ठोकली. तेल सोडलं. पिंप कापून केलेल्या शेगडीत लाकडं टाकली. मग स्टुलावर बसून तेल आत झिरपण्याची वाट बघत राहिला.

त्याला काही वाटत नव्हतं. वाटायला हवं हे कळत होतं, आणि कळत असूनही वाटत नव्हतं. दाढ काढताना सुई दिल्यावर ओठ आपलाच असून आपला लागत नाही, तसं त्याचं सगळंच झालं होतं. हात तेवढे शिल्लक होते. हातांना पुढचं काम माहीत होतं.

नऊ वाजता उन्तो आला. समोरच्या घरातला उन्तो, अडुसष्ट वर्षांचा ब्रह्मचारी. तो रोज नऊला कॉफीला येतो, गेली चाळीस वर्षं. हिल्का हॉस्पिटलात गेल्यापासून कॉफी तोच थर्मासमधून घेऊन यायला लागला होता, सोबत दुकानातला वेलदोड्याचा पाव. त्याचे केस कॉलरच्या खाली आले होते. ते दर महिन्याला हिल्का कापायची. नोव्हेंबरपासून कुणी कापले नव्हते.

"एकतीस," दार लावता लावता तो म्हणाला. उणे म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही, जानेवारीत अधिक कशाला असेल?

"असेल," आर्वो म्हणाला.

"तुझ्याकडे किती दाखवतंय?"

"बघितलं नाही."

उन्तोने त्याच्याकडे नीट बघितलं. आर्वोने सकाळी तापमान बघितलं नाही असा दिवस त्याला आठवत नव्हता. मग त्याने उघड्या इंजिनात डोकावून बघितलं आणि बाकावरचा तुकडा उचलला.

"मोडला."

"मोडला."

"तुझ्या हातून?"

"नाही, रात्री एल्क येऊन मोडून गेला."

"आला असेल. माझ्या बंदुकीला तो घाबरत नाही, हे सगळ्या रानाला माहीत आहे," उन्तो म्हणाला. शिकारीच्या सात मोसमांत त्याने एकही एल्क, म्हणजे घोड्याएवढं हरीण, पाडलं नव्हतं आणि हा विनोद दुसऱ्याने करण्याआधी तो स्वतःच करून टाकत असे. त्याने तुकडा जागेवर ठेवला. "घाई केलीस."

"फोन आला होता. हॉस्पिटलचा."

"काय म्हणाले?"

"आज या म्हणाले."

उन्तोने थर्मासचं झाकण उघडलं, परत लावलं, परत उघडलं. दोन कप भरले. पाव मोडून अर्धा आर्वोच्या कपाशेजारी ठेवला.

उन्तोकडे गाडी होती. तीन वर्षांची, गावातली सगळ्यात गरम आणि भरवशाची. नुसती उन्तोकडेच नाही. कोर्पीयार्वीत माणसं एकोणीस आणि गाड्या चौदा. पण भीड भिकेची बहीण म्हणतात, ती आमच्या गावात प्रत्येक घरात सख्ख्या मुलीसारखी नांदते. मागायला गेलं तर आपल्याला जमत नाही हे कबूल करावं लागतं. न मागता द्यायला गेलं तर तुला जमत नाही हे समोरच्याच्या तोंडावर सांगितल्यासारखं होतं. एका मार्चमध्ये बर्फाने एमेली नावाच्या शेजाऱ्याचं छप्पर खाली बसलं, तेव्हा सगळं गाव दोन दिवस आपापल्या खिडकीत उभं राहून बघत होतं. तिसऱ्या दिवशी एमेली दुकानात जरा मोठ्याने म्हणाला, मोठे खिळे आहेत का? अर्ध्या तासात अकरा माणसं हातोड्या घेऊन त्याच्या छपरावर होती. एवढंच लागतं. खिळ्यांपुरतं बोलावं लागतं.

आर्वो खिळ्यांपुरतंही बोलेना.

"मी काल टाकी भरून आणली," उन्तो कॉफीत बघत म्हणाला.

"अच्छा."

"पूर्ण भरली. काठोकाठ."

"बरं केलंस. भाव वाढणार म्हणतात."

"आणि टायर नवे आहेत. बर्फावर धरणारे, खिळ्यांचे."

"पाहिले मी. चांगले आहेत."

ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ असतात. हा ताक घेऊन आला होता आणि तरी भांडं लपवत होता. आर्वोने कप खाली ठेवला, गाडीच्या बॅटरीची तार सोडवली आणि वेल्डिंगचं यंत्र जवळ ओढलं.

"उलट्या आट्यांची पिन आणू का?" उन्तोने विचारलं. "छिद्र पाडून आत फिरवली की बोल्ट घेऊनच बाहेर येते. माझ्याकडे सहा आहेत."

"त्या सेलमधल्या?"

"अजून एकही वापरली नाही."

"म्हणून सहा आहेत."

उन्तो हसला. आर्वो हसला नाही, पण त्याला वाईटही वाटलं नव्हतं. तसली पिन आत मोडली की संपलं. ती इतक्या कडक लोखंडाची असते की तिच्यावर ड्रिल चालत नाही. मग बोल्ट राहतो बाजूला आणि पिन काढायची पंचाईत होते. इतकी वर्षं आर्वोने दुसऱ्यांच्या मोडलेल्या पिना काढल्या होत्या. स्वतः कधी वापरली नव्हती.

त्याने मोडक्या बोल्टवर एक वॉशर धरला, चेहऱ्यावर काच ओढली आणि वॉशरच्या छिद्रातून बोल्टच्या तोंडावर लोखंड वितळवून भरलं. मग वॉशरवर नट ठेवला आणि तोही आतून जोडून टाकला. उन्तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. निळा उजेड गॅरेजभर उड्या मारत होता.

"तेरा नंबर," आर्वोने हात पुढे केला. उन्तोने पाना दिला. नट लाल होता, मग काळपट झाला. आर्वोने नाताळातली अर्धी उरलेली मेणबत्ती घेऊन नटाच्या बुडाशी टेकवली. मेण धूर सोडत आत पळालं. त्याने पाना लावला आणि हळूहळू जोर वाढवत नेला.

टक्क करून नट वेल्डिंगसकट हातात आला. बोल्ट जागच्या जागी होता.

"अजून तुझं ऐकत नाही," उन्तो म्हणाला.

"ऐकेल."

साडेदहाला तुईयाचा फोन आला. तुईया म्हणजे आर्वोची मुलगी, स्टॉकहोमला असते. आर्वोचे हात काळे होते, म्हणून त्याने कोपराने बटण दाबून फोन बाकावरच मोठ्या आवाजात लावला.

"बाबा, कुठपर्यंत पोचलात?"

"घरी आहे."

"घरी? घरी काय करताय? मी विमानतळावर आहे, माझं विमान पाचला उतरतंय ओउलूला. मी काही वेळेत पोचत नाही. तुम्ही घरी काय करताय?"

"बोल्ट मोडलाय."

"कसला बोल्ट?"

"पाण्याच्या पंपाचा. खालचा."

तिकडून थोडा वेळ नुसता विमानतळ ऐकू आला. मग तुईया एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "बाबा. उन्तोकाकांची गाडी घ्या. समोरच आहे ती. जा, दार वाजवा आणि गाडी द्या म्हणा."

उन्तो बाकाला टेकून उभा होता, फोनपासून दोन हातांवर. त्याने खोकला दाबला.

"होतंच आलंय," आर्वो म्हणाला.

"आईने तुम्हाला काय सांगितलं होतं? बाबा? मला माहीत आहे तिने काय सांगितलं होतं."

"होतंच आलंय म्हटलं ना. ठेव आता, तुझे पैसे जळतायत."

स्वीडनमध्ये राहून त्या मुलीची जीभ सैल झाली होती. जे आम्ही जन्मभर बोलत नाही ते तिने एका दमात गॅरेजच्या मधोमध आणून ठेवलं, आणि आता ते दोघांच्या मधे पडून होतं. उन्तो वाट बघत होता. बघत होता म्हणजे त्याने कप हातात धरला होता आणि पीत नव्हता. आता आर्वोने नुसतं त्याच्याकडे वळून बघितलं असतं तरी पुरलं असतं.

"तो ग्राइंडर दे इकडे," आर्वो म्हणाला. "वरचं घासून परत जोडतो."

उन्तोने ग्राइंडर दिला. मग तो काही न बोलता बाहेर गेला. ठिणग्यांच्या आवाजात आर्वोला दार लागलेलं कळलं नाही. अकराच्या सुमाराला तो परत आला तेव्हा त्याच्या अंगात चांगला कोट होता, रविवारचा, आणि डोक्यावर लोकरीची टोपी. टोपीखालून केस बाहेर आले होते. तो दारातच उभा राहिला.

"मला ओउलूला जायचंय," तो म्हणाला.

आर्वोने काच वर केली.

"आज?"

"आज. मांजराचं औषध संपलंय."

"त्याला काय झालं?"

"पोट बिघडलंय."

"औषध कशाला? दोन दिवस खायला घालू नकोस."

"डॉक्टरने सांगितलंय, तिकडचंच औषध पाहिजे." उन्तोच्या कपाळावर घाम आला होता, एवढ्या थंडीत. आयुष्यात तो इतकं लांबलचक खोटं बोलला नव्हता. "म्हणून म्हटलं, जातोच आहे. आत्ता निघालो तर एकला पोचतो. गाडीत मी एकटाच आहे. जागा आहे बाजूला."

आता याहून सोपं करून कुणी काही देऊ शकत नाही. मागायचं नव्हतं, उपकार नव्हता, जमत नाही असं कुणी कुणाला म्हटलं नव्हतं. मांजराच्या पोटावर सगळं घालून टाकलं होतं. आर्वोने फक्त टोपी घालायची होती.

आर्वोने वेल्डिंगची कांडी बदलली. जुनी जळकी कांडी डब्यात टाकली. डब्यात ती नीट उभी राहीपर्यंत तो तिला बोटाने सारखी करत राहिला.

"मग जा ना," तो म्हणाला. "रस्त्यावर घसरण व्हायच्या आत जा."

उन्तो दारात उभाच राहिला. त्याच्या मागून थंडी आत येत होती. बऱ्याच वेळाने त्याने दार लावलं, रविवारचा कोट काढून खुंटीला टांगला आणि स्टुलावर बसला.

"मांजर थांबेल," तो म्हणाला.

दुसरा नट साडेअकराला तुटला. या वेळी थोडा हलल्यासारखा वाटला होता, पण ते नुसतं वेल्डिंगचं वाकणं होतं. आर्वो चिडला नाही, शिवी दिली नाही. बाहेर उजेड आला होता, दुधात पाणी घातल्यासारखा, आणि खिडकीतून उन्तोचं घर दिसत होतं. आर्वोने परत घासलं, परत वॉशर, परत नट. या वेळी जोड देऊन झाल्यावर तो नट गार होण्याची वाट बघत बसला तेव्हा त्याने डोळे मिटले. हिल्काचा चेहरा आठवायला पाहिजे असं त्याला वाटलं. पिशवी आठवली, नळी आठवली, पलंगाचा लोखंडी दांडा आठवला, त्यावरचा रंग उडालेला. मंगळवारी तो दोन तास त्या दांड्याकडे बघत बसला होता. ती त्याच्याकडे बघत होती हे त्याला माहीत होतं.

"गार झाला असेल," उन्तो म्हणाला.

आर्वोने मेणबत्ती टेकवली. पाना लावला. पुढे, मागे, पुढे. साडेबारा वाजले होते. मग इंजिनमधून एक बारीक कण्हल्यासारखा आवाज आला, आणि नट फिरला. केसभर फिरला. आर्वो थांबला, तेल सोडलं, मागे नेला, परत पुढे. आणखी केसभर. उन्तो उठून उभा राहिला होता.

"निघतोय," तो कुजबुजला. मोठ्याने बोललं तर बोल्टला ऐकू जाईल अशी त्याला भीती वाटली असावी. "आर्वो, निघतोय बघ."

पाव वेढा, अर्धा वेढा, मग तो हाताने फिरायला लागला आणि बाहेर आला. गंजाने लाल झालेला, करंगळीच्या पेराएवढा तुकडा, टोकाला वाकडातिकडा नट. आर्वोने तो हातरुमालावर ठेवला. आतले आटे शाबूत होते. एकही खराब झाला नव्हता. काम म्हणून बघितलं तर याहून स्वच्छ काम त्याने केलं नव्हतं, आणि उन्तोने ते बोलून दाखवलं, आमच्याकडे जितकं दाखवतात तितकं: "वाईट नाही."

पुढचं काम सरळ होतं. आटे साफ केले, नवा पंप बसवला, नवे सहा बोल्ट, पट्टा, न गोठणारं पाणी, बॅटरीची तार. सव्वा वाजता इंजिन चालू झालं. उन्तोने खुंटीवरून आर्वोचा कोट काढून आणला आणि हातात धरून उभा राहिला.

"झालं ना," तो म्हणाला. "निघ."

"गरम होऊ दे."

"वाटेत होईल."

"पाणी खाली जातं आधी. परत भरावं लागतं."

उन्तोने कोट दुसऱ्या हातात घेतला. आर्वोने पाणी बघितलं, थोडं भरलं. सहाही बोल्टांना परत एकदा पाना लावून बघितला. पट्ट्याचा ताण बघितला. खाली वाकून टॉर्चच्या उजेडात पंपाच्या कडेने बघितलं. मग हत्यारं पुसायला घेतली. एकेक हत्यार पुसून भिंतीवर त्याच्या जागी लावलं, तेरा नंबर बाराच्या शेजारी, पंच हातोडीच्या शेजारी. मग साबण घेऊन हात धुतले. नखं ब्रशने घासली, आधी डावा हात, मग उजवा, मग परत डावा.

"आर्वो," उन्तो म्हणाला.

"अशा हातांनी जाणार का मी तिच्याकडे?"

पावणेदोनला फोन वाजला. आर्वोचे हात स्वच्छ होते, त्याने फोन उचलून कानाला लावला. त्यामुळे उन्तोला दुसरी बाजू ऐकू आली नाही. त्याला एवढंच ऐकू आलं: "हो." मग "कधी?" मग "तुम्ही होतात का? बरं. बरं झालं. नाव काय तुमचं?" आणि शेवटी, "धन्यवाद, सान्ना."

त्याने फोन खिशात ठेवला.

"एक वीसला," तो म्हणाला. "नर्स होती जवळ. हात धरून बसली होती म्हणाली."

उन्तोने टोपी काढली. केस कपाळावर, कानांवर आले, ते त्याने मागे सारले आणि ते परत पुढे आले. त्याच्या डोळ्यांतून सरळ पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायचं त्याला सुचलं नाही. आर्वो त्याच्याकडे बघत होता. आपल्यालाही असं काही होईल म्हणून तो थोडा वेळ थांबला. काही झालं नाही.

"माझी गाडी होती ना रे समोर," उन्तो म्हणाला. शेवटी तोच म्हणाला. "दोन तासांचा रस्ता. मागितली असतीस तर..."

"तर पोचलो असतो," आर्वो म्हणाला.

उन्तोने मान वर केली. त्याला काही विचारायचं होतं, आणि विचारायच्या आधीच त्याला त्याचं उत्तर समजत गेलं, हळूहळू, चेहऱ्यावरून दिसावं असं. आर्वोने नजर चुकवली नाही. उन्तोलाच ती चुकवावी लागली. त्याने हातातल्या कोटाकडे बघितलं आणि कोट परत खुंटीला लावला.

इंजिन एका लयीत चालू होतं. आर्वो खाली वाकला, पंपाच्या बुडाशी सावकाश बोट फिरवलं आणि कोरडं बोट उन्तोला दाखवलं.